हेलिकॉप्टरच्या पोटातली जागा

आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेच्या ड्यूटीवर आमच्या बटालियनची पोस्टिंग झाली, तेव्हा मी फौजेत नायक या हुद्द्यावर होतो. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यातलं. घरी सांगितल्यावर आईनं विचारलं, समुद्रापलीकडं कायले पाठवून राह्यले तुले? मी म्हणालो, निळं हेल्मेट घालून उभं राहायचं असतं, तिथं काही होत नाही. हे अर्धंच खरं होतं, आणि ते तिलाही कळत होतं.

आमच्या कंपनीची पोस्ट एका पठारावर होती. तांबडी माती, चारी बाजूंनी उंच झाडी आणि मधोमध साफ केलेलं हेलिपॅड. जंगलात बंदूकवाल्यांच्या टोळ्या होत्या. आमचं काम ठरलेलं: पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज राहायचं, मग रस्त्यावर गस्त, दुपारी हत्यारांची साफसफाई, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. हेलिपॅडच्या कडेला इंधनाचे ड्रम रचून ठेवलेले असत आणि त्यांची राखण आमच्याकडे होती. आठवड्यातून एकदा आपल्याच हवाई दलाचं अटॅक हेलिकॉप्टर यायचं आणि इंधन भरून पुढं जायचं.

यवतमाळच्या कॉलेजात मला अधूनमधून बोलायला बोलावतात. तिथं पहिला प्रश्न नेहमी अपाचे या अटॅक हेलिकॉप्टरचा असतो. मी पोरांना सांगतो, बाबांनो, आधी मागचं ऐका. हेलिकॉप्टर फौजेत आलं ते निरोप, रसद आणि जखमी वाहायला. खालून गोळ्या यायला लागल्या, तेव्हा त्याच्या दारात मशीनगन बसली. मग दोन्ही अंगांना रॉकेटं लटकली. पुढं फक्त लढण्यासाठीच वेगळी मशीनं निघाली: अरुंद, पुढं गनर, मागं पायलट, आणि तिसऱ्याला जागाच नाही. आजची मशीनं अंधारात माणसाच्या अंगाची ऊब बघतात, पायलट मान वळवेल तिकडं तोफ वळवतात आणि टेकडीआड राहून लांबचा रणगाडा फोडतात. आता ड्रोन आलेत, खांद्यावरून डागायची मिसाइल्सही आहेत, त्यामुळे त्यांनाही दबकूनच उडावं लागतं. हे सगळं ऐकताना पोरं खूश असतात.

आमच्याकडे यायचं ते जुनं, रशियन बनावटीचं मशीन. जाडजूड आणि आवाजी. पण त्याच्या पोटात आठ माणसं बसतील एवढी जागा होती. बेसपासून लांब जायचं असलं की एक टेक्निशियन त्या पोटात बसून सोबत यायचा. आमच्याकडे यायचे ते सार्जंट राठोड.

पहिल्या दिवशी ते ड्रमचं इंधन गाळत होते आणि माझा एक जवान शेजारी उभा राहून बिडी काढत होता. राठोड म्हणाले, "काहून रे बाप्पा, साऱ्यायले संगं घेऊन जातं का वरतं?" परदेशात, त्या तांबड्या मातीत हे शब्द कानावर आले आणि मी धावतच गेलो. ते दिग्रसचे, माझ्याच जिल्ह्यातले निघाले. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि पोरगा मशीनच्या आवाजातच वाढलेला. त्या दिवसापासून ते मला ‘मारेगाव’ म्हणायचे आणि मी त्यांना भाऊ. हेलिकॉप्टरला ते काळीपिवळी म्हणत, गावाकडची शिटा भरून धावणारी जीप. माणसंही भरा, सामानही भरा, वरून तोफ. इंधन भरेपर्यंत आम्ही गावाकडच्या गोष्टी करत असू. हेलिकॉप्टर यायच्या दिवसाची मी वाट बघायचो, हे सांगायला मला लाज नाही.

एका सकाळी आमची गस्त नाल्याजवळ अडकली. पलीकडच्या काठावरून फायर आला. सिपाही बलबीरच्या छातीत गोळी लागली, माझ्या मांडीत. रक्त थांबेना. नर्सिंग असिस्टंटनं पट्टा आवळून बांधला आणि कंपनी कमांडरला कळवलं की याला लवकर ऑपरेशन टेबलवर घ्यावं लागेल, नाहीतर हा जातो. हे तो माझ्यासमोरच बोलला. रस्ता टोळीनं तोडलेला होता.

हेलिकॉप्टर आलं. आमची जागा कळावी म्हणून आम्ही धूर सोडला. रेडिओवर पायलटचा आवाज आला, "पिवळा धूर दिसतोय."

"पिवळा बरोबर. शत्रू उत्तरेला, नाल्यापलीकडे."

"डोकी खाली ठेवा."

रॉकेटं नाल्याच्या काठावर पडली. दुसऱ्या फेरीला त्याला काही मारावंच लागलं नाही, नुसतं झाडांना घासल्यासारखं डोक्यावरून गेलं. पलीकडचा फायर बंद झाला. हेलिकॉप्टरचा तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. कानठळ्या बसत होत्या, तरी मला आईनं हाक मारल्यासारखं वाटलं.

आम्हाला पोस्टवर आणलं. हेलिकॉप्टर उतरलं, पण पायलटसाहेब म्हणाले, एकाच जखमीला नेता येईल. ऊन तापलेलं, पठार उंच, भोवती झाडं. धावत सुटून उडायला मोकळी जमीन नव्हती, सरळ वर उठायचं होतं. तापलेल्या हवेत मशीनचा जोर कमी पडतो. बलबीर आधी जाणार हे उघड होतं. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

राठोडभाऊंनी आधी टूलबॉक्स बाहेर काढला. मग दोन जड पेट्या. मग स्वतः उतरले.

"सर, मी उतरतो. हा माझ्याएवढाच आहे. आता मशीन उठेल."

पायलटसाहेबांनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी तुला न्यायला येतो."

मला त्यांच्या जागेवर आडवं केलं. दार लावताना भाऊ वाकून म्हणाले, "माह्या जागेवर चालला तू, मारेगाव. कशाले हात लावू नको." मी हसलो की नाही, आठवत नाही. हेलिकॉप्टर थरथरत उठलं, झाडांचे शेंडे खालून गेले, आणि मग माझी शुद्ध हरपली.

बलबीर वाचला. मी वाचलो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय सोड, तूही गेला असतास.

दुसऱ्या दिवशी, हेलिकॉप्टर बेसवरून निघायच्या आधीच, पोस्टवर मॉर्टरचे गोळे पडले. हेलिपॅडजवळचं वाळलं गवत पेटलं. ड्रमपर्यंत आग गेली तर काय होईल, हे तिथं भाऊंइतकं कुणाला माहीत नव्हतं. ते ड्रम लोटत दूर नेऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं. आमची पोरं मदतीला धावली. ड्रम वाचले, पोस्ट वाचली. पुढचा गोळा भाऊंच्या जवळ पडला. पायलटसाहेब न्यायला आले, आणि भाऊंचा देह त्याच पोटात ठेवून घेऊन गेले.

मायदेशी आल्यावर काठी टेकत मी दिग्रसला गेलो. वाटेत एस.टी.त काय बोलायचं ते जुळवत होतो, दारात पोचेपर्यंत सगळं विसरलो. भाऊंची आई, त्यांची याडी, ओसरीत बसली होती. मी नाव सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेबानं सारं सांगतलं मले. पाय बरा झाला का?"

मी म्हणालो, झाला.

"मंग चालून दाखव."

तिनं काठी माझ्या हातातून घेऊन भिंतीला लावली. मी अंगणाच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. घाम फुटला, पण थांबलो नाही. ती पायाकडंच बघत होती. मग डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "माह्या पोराचं काम पक्कंच राहते." आणि आत चहा ठेवायला गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी यवतमाळला राहतो, माझी पोरं शिकतात, पाय थंडीत थोडा दुखतो. हे सगळं सार्जंट राठोडांनी दिलेलं आहे, दुसऱ्या कुणाचं नाव मी त्याला लावत नाही. दरवर्षी त्यांच्या दिवशी दिग्रसला जातो. स्टँडवर ऑटोवाले ओळखून हाका मारतात. मी बसत नाही. याडी आता थकली आहे, पण त्या दिवशी दारात येऊन उभी राहते, आणि तिला मी चालत येताना दिसायला हवा.