परगावचा बहिष्कार

महाडच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं करते. मालक अमेरिकेतले, त्यामुळे तिकडचे काही कायदे आम्हालाही लागतात. त्यातला एक मला फार आवडतो. परदेशातलं एखादं गिऱ्हाईक म्हणतं, अमुक देशावर आमचा बहिष्कार आहे, तुमच्या मालात तिथलं काही नाही असं लिहून द्या. ते द्यायचं नाही. माल कुठला आहे ते खुशाल लिहा, कुठला नाही ते लिहू नका. दुसऱ्यांच्या बहिष्कारात आपण सामील व्हायचं नाही. वर, असं कोणी मागितलं तर त्याचं नाव तिकडच्या सरकारला कळवायचं.

हे शिकवायला मुंबईहून साहेब आले होते. मी विचारलं, "मग मागणाऱ्यालाच वाळीत टाकायचं का?" सगळे खो खो हसले. मला हसू आलं नाही, कारण पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आमच्या ह्यांची चुलत काकी तेव्हा वाळीतच होती.

काकीने घरामागची जागा समाजमंदिराला द्यायला नकार दिला होता. जागा मागितली मुंबईला राहणाऱ्या आमच्याच गावकऱ्यांच्या मंडळाने, राग आला मंडळाला, ठराव झाला परळच्या कुठल्याशा खोलीत, आणि बोलणं बंद केलं आमच्या वाडीने! माणसं वाईट नव्हती. पोरांच्या नोकऱ्या मंडळाच्या ओळखीने लागायच्या, म्हणून सगळे दबून. माझी नोकरी महाडची, मला कसली भीती? मी काकीशी उघड बोलायचे.

काकीही खमकी. शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हशीशी गप्पा मारायची. तिला घोर एकच होता, शिमग्याचा. पालखी घरोघर जाते, वाळीत टाकलेलं दार सोडून देते.

"देवानंच दार चुकवलान तर मी हितं राहू कशाला गो?" ती म्हणाली. त्या वर्षी पालखी आली नाही तर ती लेकाकडे मुंबईला कायमची जाणार होती. ट्रंक भरायला घेतली होती तिने. मला रडूच आलं.

पालखी निघायच्या सकाळी मंडळाचा सेक्रेटरी मुंबईहून हजर. त्याचा हुकूम असा, देवळापुढे प्रत्येक घराने देवासमोर सुपारी ठेवून म्हणायचं, त्या घराशी आमचा संबंध नाही. आमचे हे मुंबईत, म्हणून घराची सुपारी माझ्या हातात. आणि पालखीच्या वाटेच्या क्रमाने पहिलं घर आमचं.

मी सुपारी ठेवली. "कोणाशी संबंध नाय ते मी सांगणार नाय. कोणाशी हाय ते सांगते. काकीशी हाय. तिच्या म्हशीचं दूध माझ्या घरात येतं."

"वहिनी, असं नाय चालत. नाय म्हणायला लागतं."

"कशाला लागतं? वाळीत टाकणं आता आपल्या राज्यात गुन्हा हाय, भावजी. आमच्या कंपनीत तर असं मागणाऱ्याचं नाव वर कळवतात. तुमचं कुठं कळवू? पोलादपूरच्या ठाण्यात चालंल?"

आवाज खणखणीत निघाला. सेक्रेटरी इकडेतिकडे बघू लागला.

शेजारची म्हातारी पुढे आली. सुपारी आपटलीच तिने. "माजाबी संबंध हाय. तिच्याशी भांडल्याबिगर माजा दिवस जात नाय!"

मग एकच हशा उठला आणि सुपाऱ्यांचा ढीग पडला. माझाही हाय, माझाही हाय! सेक्रेटरी म्हणाला, मंडळाला कळवावं लागेल. "कळव की, जोरात कळव!" पालखीचे भोई ओरडले, आणि ढोल वाजायला लागला.

काकी ट्रंकेवर गुडघा टेकून कडी लावत होती. ढोल अंगणात आला तेव्हा ती तशीच बाहेर धावली. रांगोळी नाही, तोरण नाही. तिने त्याच ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढलं आणि देवाच्या पायघडीला अंगणभर पसरलं.

मग चहा टाकला. एवढ्या माणसांना कपबश्या कुठून पुरणार? तिच्या हातचं पाणी टाळणाऱ्या बायकांनी आपापल्या घरी धावत जाऊन कप आणले. सेक्रेटरीही कप धरून रांगेत उभा होता. काकीने त्याचा कप काठोकाठ भरला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "पी. जागा द्यायची नाय ती नायच!"