नऊ वेळा वारलेल्या मामी

स्वतःच्या धडधाकट बायकोला इतक्या वेळा आणि इतक्या सुरात मारणारा नवरा अख्ख्या इंग्लंडात दुसरा सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे मामा. लेस्टरला राहतात. उभी हयात हॉस्पिटलात भूल देण्यात घालवली आणि रिटायर झाल्यावर अमेरिकन पद्धतीच्या कंट्री म्युझिकचे गायक-गीतकार झाले. "आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता जागं करतो," असं ते म्हणतात. मी त्यांच्या तीन कार्यक्रमांना गेलो आहे. याला पुरावा मिळाला नाही.

कंट्री गाण्याला दुःख लागतं आणि मामांची पंचाईत अशी, की त्यांच्याकडे ते औषधालाही नाही. मुलं मार्गी लागलेली, गाडी थंडीतसुद्धा पहिल्या फटक्यात सुरू होते आणि मामी पंचेचाळीस वर्षं तव्यावरची गरम पोळी वाढताहेत. तेव्हा दुःख घरच्या घरी तयार करणं आलं. कुत्र्याच्या नुसत्या केसाने शिंकणाऱ्या मामांचे इमानी कुत्रे पाच गाण्यांत मेले. लग्नात घोड्यावर बसवलं तेव्हा रडकुंडीला आलेला हा माणूस गाण्यात घोड्यावरून खाली उतरायला तयार नसतो. आणि मामी! मोटरवेवर चहापाण्याचा पहिला थांबा यायच्या आत ज्यांना गाडी लागते, त्या मामी एका गाण्यात ट्रक ड्रायव्हरबरोबर पळून गेल्या आणि नऊ गाण्यांत वारल्या. रविवारी दुपारी पबमध्ये मामा हॅट काढून छातीशी धरत, तेव्हा तिथले म्हातारे खरोखर डोळे पुसत. एकदा मामांच्या विसरलेल्या गोळ्या द्यायला मामी आत गेल्या. मामांनी "माय वाइफ" म्हणून ओळख करून दिली, तर एका आजोबांनी दुसऱ्या लग्नाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. मामींचा मला लगेच फोन. "जावईबापू, या वयात मला माझीच सवत केलं हो यांनी!"

गेल्या हिवाळ्यात मामींच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी आम्ही वॉर्डात बसलो होतो. हजारो पेशंटना "काही होत नाही, दहापर्यंत मोजा" असं सांगितलेले मामा मामींच्या कॉटला लावलेला चार्ट तिसऱ्यांदा वाचत होते. मामीच म्हणाल्या, "अहो, एखादं गा ना. माझ्यावरचं." मामांनी हळू आवाजात एक धरलं, दुसऱ्या ओळीला सोडलं. दुसरं धरलं, तेही सोडलं. चाळीसेक गाणी लिहिलेल्या माणसाकडे मामी जिवंत आहेत आणि घरीच आहेत असं एकही गाणं नव्हतं. "मग मेल्याचंच गा," मामी म्हणाल्या, "त्याची चाल बरीये." मामांनी मान हलवली. "सॉरी गं," एवढंच म्हणाले. एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण तेव्हा मला मामांची फार दया आली.

मामी सुखरूप घरी आल्या. त्या आठवड्यात मामांनी नऊही गाण्यांची शेवटची कडवी बदलून टाकली. आता शवपेटी खाली सोडायच्या सुमाराला निरोप येतो, की गफलत झाली, बाई घरीच आहे आणि जेवायला बोलावते आहे. गाण्यांची पार वाट लागली. पबमधले म्हातारे कुरकुरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. शेवटी मीच भीतभीत म्हटलं, "मामा, ओरिजिनल व्हर्जन जास्त चांगलं होतं."

"माहितीये हो," गिटारची तार पिळत मामा म्हणाले, "पण ते जोवर खोटं वाटायचं, तोवर गाता येत होतं."

आता तो निरोप येतो त्या ओळीला मी मामांकडे बघायचं टाळतो.