अर्ध्या घराची किंमत

दिल्लीतल्या मयूर विहारचा फ्लॅट मी आणि नवऱ्याने मिळून घेतला, तेव्हा यमुनेपलीकडे राहायला कुणी तयार नव्हतं. व्याज भरमसाठ होतं. माझ्या सरकारी पगारातून दरमहा हप्ता कापला जायचा. मग पूल झाले, नोएडात काचेची ऑफिसं उभी राहिली आणि दलाल दार वाजवू लागले. कर्ज थोडंच उरलं होतं, घराची किंमत मात्र कितीतरी पटीने वाढली होती. नवऱ्याला ती किंमत हातात हवी होती.

एका दुपारी मी पोळ्या लाटत होते. त्याने ओट्यावर कागद ठेवले. घरावर नवं मोठं कर्ज काढून एका बिल्डरच्या धंद्यात घालायचं होतं.

"सही कर."

"मी करणार नाही. तुम्ही नोकरी सोडलीत, फेडणार कोण?"

मारहाण मला नवी नव्हती. पण त्या दिवशी त्याने लाटणं हिसकावलं, माझं मनगट ओट्यावर दाबून धरलं आणि त्यावर तीनदा मारलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कॉलेजात जाणारी मुलगी धावत आली आणि तिने गॅसवरचा तापलेला तवा उचलला.

"पप्पा, बस. अब और नहीं."

तो मागे सरला. हॉस्पिटलात मी पडले म्हणून सांगणार होते, पण त्याआधीच मुलीने डॉक्टरांना खरं ते सांगून टाकलं. पोलीस घरी आले, त्याला समज देऊन गेले. तो फरीदाबादला मित्राकडे गेला आणि तिथून निरोप पाठवला: माझा अर्धा हिस्सा दे, नाहीतर घर विकायला काढतो.

त्याचा हिस्सा देऊन घर राखायचं, म्हणून प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून मी कर्जासाठी बँका हिंडू लागले. जुनी बँक व्याज कमी करायला तयार नव्हती. एका बँकेचा दर फार कमी होता, पण दोन वर्षांनी तो वाढणार होता, आणि ही गोष्ट मी विचारल्यावरच कळली. नोएडातल्या तिसऱ्या बँकेत मी नेहमीसारखी अजिजीने बोलत होते. तिथली तरुण अधिकारी म्हणाली, "मॅडम, इतना महँगा घर, इतना कम लोन बाकी. आप हाथ क्यों जोड़ रही हैं? हमसे माँगिए."

मग मी मागितलं. एका बँकेचा दर दुसरीला सांगितला, फी माफ करून घेतली. जुनं कर्ज फिटेल आणि नवऱ्याचा हिस्सा देता येईल एवढी रक्कम मंजूर झाली. हप्ता आधीपेक्षा मोठा होता, पण माझ्या एकटीच्या पगारात बसत होता.

प्लास्टर निघाल्यावर हक्कसोडपत्राचा दिवस ठरला. रजिस्ट्रारच्या ऑफिसात बँकेचा माणूस चेक घेऊन आत बसला होता. बाहेर व्हरांड्यात नवऱ्याने माझं तेच मनगट पकडलं आणि हळूहळू पिरगाळलं.

"चेक वटू दे. मग बघतो तुझ्याकडे."

माझ्या डाव्या हातात पाण्याची भरलेली स्टीलची बाटली होती. ती मी त्याच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली. नाकातून रक्ताची धार लागली, शर्ट भिजला. बाकावरची माणसं नुसती बघत राहिली. मला थांबायचं नव्हतं. मुलीने मागून कमरेला मिठी मारली म्हणून थांबले.

तो आत गेला. चेक समोर दिसत होता. कारकून त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "पहले खून पोंछिए, काग़ज़ ख़राब होगा." नाकाला रुमाल लावून त्याने सही केली, अंगठे दिले, चेक घडी करून खिशात घातला आणि निघून गेला.

घरी आल्यावर मी बाटलीवरचं रक्त धुतलं. एवढा राग माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं, आणि मारताना बरं वाटलं होतं, याची भीती वाटत होती.

मुलीने चहा केला. "मम्मी, आता कुणाला घाबरायचं?"

"बँकेला," मी म्हटलं.

ती हसली नाही. उठली आणि दाराची साखळी लावून आली.