क्रॅडकच्या चुका

एडविन क्रॅडकला चार माणसांत बोलायला उभं करणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं, असं त्याची बायको ग्लेनिस म्हणायची. जमिनीशी त्याचं जमायचं, माणसांशी बेताचंच. चोविसाव्या वर्षी तो थॉर्नकोटला दुय्यम माळी म्हणून लागला. तीन वर्षांत मोठा माळी गुडघ्यांपायी घरी बसला आणि ती सगळी बाग एकट्या क्रॅडकच्या अंगावर आली. ती पुढची सदतीस वर्षं त्याच्याच अंगावर राहिली.

थॉर्नकोट हे घर इंग्लंडात हेरफर्डशरच्या एका उतारावर आहे. समोर वेल्सचे डोंगर. घरापुढं दगडी ओटा, ओट्याखाली हिरवळ, मग कापून चौकोनी केलेल्या झाडांच्या भिंती, मग सफरचंदांची वाडी आणि अगदी तळाला ओढ्याकाठचं ओलसर कुरण. ओट्यावर उभं राहिलं की सगळी बाग पायऱ्या उतरत गेलेली दिसते. ही बाग मालकीणबाई मिसेस वेनेबल्सनी उभी केली. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा तिथं काटेरी झुडपं आणि एक मोडकी गाडी होती, असं त्या सांगायच्या.

सांगायच्या म्हणजे दर वसंतात सांगायच्या. एप्रिलच्या मध्यापासून मे संपेपर्यंत बागा बघत फिरणाऱ्या मंडळींच्या बसगाड्या यायच्या. सहा दिवसांत नऊ बागा, रोज वेगळ्या गावात मुक्काम, असा त्यांचा बेत. त्यातली मंगळवारची दुपार थॉर्नकोटची. वेनेबल्सबाई हातात काठी, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी अशा ओट्यावर उभ्या राहायच्या आणि तीस-तीस माणसांना शाळेतल्या मुलांसारखं वागवायच्या.

"हात लावू नका त्या पाकळ्यांना. त्यांनी तुम्हाला लावलाय का?"

माणसं हसायची. पुन्हा पुढच्या वर्षी यायची, ती निम्मी बागेसाठी आणि निम्मी या बोलण्यासाठी. क्रॅडक मागं ढकलगाडी धरून उभा असायचा. त्याला कोणी काही विचारलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं, "बाईसाहेबांना विचारा."

घरी ग्लेनिसचा टोमणाही ठरलेला. "एक लग्न तुझं त्या बागेशी झालं, एक माझ्याशी. मी आपली दुसरेपणाची." मालकांनी दिलेल्या त्यांच्या घरापासून बागेचं फाटक दोनशे पावलांवर होतं, पण इतक्या वर्षांत ती त्या फाटकातून आत गेली नव्हती. नाताळात स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायची, भेट घेऊन परत फिरायची. "सवतीच्या घरी काय म्हणून जाऊ?" म्हणायची. हसत म्हणायची, पण जायची नाही.

बाई एकोणऐंशी वर्षांच्या असताना नोव्हेंबरात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हातात तेवढा जीव राहिला. त्यांना वरच्या मजल्यावर, ओट्यावरच्या खिडकीत, खुर्चीत बसवू लागले. देखभालीला डिलिस नावाची वेल्सकडची बाई आली, गोल चेहऱ्याची, सतत गुणगुणणारी. वसंतातल्या गाड्या मात्र आधीच ठरून गेल्या होत्या. लंडनहून बाईंच्या पुतण्याने फोन केला, "क्रॅडक, तूच दाखव की. तुझ्याइतकी ती कोणाला ठाऊक आहे?"

"मला बोलता येत नाही, साहेब."

"मग चालत पुढं हो आणि बोट दाखव."

पहिली गाडी आली. ती घेऊन येणाऱ्या मिस पार्जिटर या निवृत्त शिक्षिका. बंद छत्री उंच धरून माणसांना मागं आणायची त्यांची रीत होती. क्रॅडक ओट्यावर उभा राहिला. ग्लेनिसने गाठ मारून दिलेला टाय गळ्यात होता, कान लाल झाले होते. जवळच्या मॅग्नोलियाच्या मोठ्या झाडाकडे बोट करून तो म्हणाला, "हे... हे बाईसाहेबांनी चौऱ्याहत्तर साली लावलं."

टक, टक, टक.

सगळ्यांनी वर पाहिलं. खिडकी खालून वीतभर उघडी होती आणि काचेवर बाई डाव्या हातातली अंगठी आपटत होत्या.

क्रॅडक गोंधळला. तो स्वतः इथं आला एकोणऐंशी साली, त्याआधीचं सगळं ऐकीव. "त्र्याहत्तर?" त्यानं वर बघत विचारलं. टक, टक, टक. "एकाहत्तर?"

टक. एकदाच.

माणसं हसली. क्रॅडकला घाम फुटला, पण त्याची जीभही तिथंच सुटली. माणसांसमोर बोलायचं नाही, बाईंना हिशेब द्यायचा आहे, असं धरलं की त्याला बोलता येत होतं. तसा तो रोजच सकाळी द्यायचा, कुठं काय फुललं आणि कुठं काय मेलं. मग तो मान वर करून, मोठ्या आवाजात, खिडकीला उद्देशूनच सगळं सांगू लागला. चुकला की तीन टकटक, बरोबर असलं की एक.

"तुमच्याकडे लोक फुलं बघायला येतात की भांडण?" जाताना मिस पार्जिटरनी विचारलं.

संध्याकाळी डिलिसने त्याला मागच्या दारी गाठलं. "मिस्टर क्रॅडक, काय केलंत हो तुम्ही? आज ताटलीत काही ठेवलं नाही त्यांनी. आणि हसल्या. अर्ध्याच तोंडानं, पण हसल्या."

त्यानंतर क्रॅडक मुद्दाम चुकू लागला.

फार नाही, एका खेपेला दोन-तीनदा. कधी साल चुकवायचं, कधी ट्यूलिपची जात. लॅटिन नावं तर तो इतकी वाकडी करायचा की बाईंची अंगठी काच फोडते की काय असं वाटायचं. एकदा त्यानं हद्द केली. डॅफोडिलांच्या रांगेकडे हात करून गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आणि हे कांदे." वर क्षणभर काहीच झालं नाही. मग डिलिस खिडकीत आली आणि तिनं सर्रकन पडदा ओढून घेतला. बाईंनीच खूण केली होती. लबाडी पकडली गेली होती. बसमधली मंडळी पोट धरून हसली आणि क्रॅडकही, अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्या ओट्यावर मोठ्यानं हसला.

"तरुण झालायस की रे," ग्लेनिस त्या रात्री जेवताना म्हणाली. "काय लावलंय हे? म्हाताऱ्या बाईला चिडवतोस?"

"चिडवत नाही. बोलतो."

"माझ्याशीही बोल की कधी." तिनं बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवलं आणि तोही विषय तिथंच राहिला.

दुसऱ्या वसंतात जे झालं ते मात्र मस्करीतलं नव्हतं.

तळाच्या कुरणात एप्रिलमध्ये हजारो फ्रिटिलरी उमलतात. खाली मान घातलेली घंटेसारखी फुलं, पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखे जांभळे चौकोन. गाड्या यायच्या त्या खरं तर त्यांच्यासाठीच. ते कुरण क्रॅडकने केलं होतं. बाईंचे पती लंडनच्या इस्पितळात होते, बाई महिनोन् महिने तिकडे. त्या काळात त्याने कोणाला न विचारता ओल्या गवतात बी फेकायला सुरुवात केली. दर जुलैमध्ये फेकायचा. सातव्या वर्षी पहिली अकरा फुलं आली. तोवर बाई विधवा होऊन परतल्या होत्या. त्या सकाळी त्या कुरणाच्या कडेला बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंस." नंतर मात्र दर वसंतात माणसांना सांगताना त्या म्हणायच्या, "हे कुरण मी लावलं." क्रॅडक मागं ढकलगाडी धरून ऐकायचा. जमीन त्यांची, पगार त्यांचा, तेव्हा फुलंही त्यांचीच, असं त्यानं मनाला समजावलं होतं. ग्लेनिसला ते कधी समजलं नाही. "बारसं तिनं करायचं आणि बाळंतकळा तू सोसायच्या," असं ती म्हणायची.

त्या मंगळवारी तो नेहमीसारखं म्हणाला, "खालचं कुरण बाईसाहेबांनी ब्याऐंशी साली लावलं."

टक, टक, टक.

या वेळी तो मुद्दाम चुकला नव्हता. "त्र्याऐंशी?" टक, टक, टक. "एक्याऐंशी?" पुन्हा तीन. माणसं हसत होती, त्याला सालं सुचवत होती. तो कपाळाला आठ्या घालून वर बघत राहिला. बाई खिडकीत पुढं झुकल्या होत्या, चेहरा अर्धा मेलेला आणि उरलेला अर्धा रागावलेला.

गर्दीतल्या एका जाड चष्म्याच्या बाईनं सहज विचारलं, "साल बरोबर असेल हो. पण त्यांनीच लावलं का?"

क्रॅडकने टोपी हातात घेतली, परत घातली. मग इतक्या हळू की पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू यावं, म्हणाला, "मी लावलं."

वरून काही आलं नाही. डिलिसने वरून हाक दिली, "मोठ्यानं, मिस्टर क्रॅडक! ऐकू नाही आलं त्यांना."

"मी लावलं ते कुरण, बाईसाहेब!"

टक.

त्या दिवशी कोणी हसलं नाही. मिस पार्जिटरनी छत्री खाली घेतली. क्रॅडक मंडळींना घेऊन कुरणाकडे उतरला, पण तिथं पोचल्यावर त्याला एक शब्दही बोलता येईना. माणसंही समजूतदार होती, गुपचूप फुलं बघत राहिली.

हे तो ग्लेनिसला सांगणार होता. दोन-तीन दिवस घोळवलं. मग राहून गेलं.

पुढचा हिवाळा बाईंना जड गेला. अंगठी बोटात सैल झाली, डिलिसने तिला दोरा गुंडाळला. तरी मार्चअखेर ऊन पडलं तशी खुर्ची पुन्हा खिडकीत आली. एप्रिलचा तिसरा मंगळवार, वारा बोचरा. मिस पार्जिटर बत्तीस माणसं घेऊन आल्या. सगळी नवी होती, उत्तरेकडच्या कुठल्याशा बागमंडळाची.

"हे मॅग्नोलिया," क्रॅडकने सुरुवात केली, "चौऱ्याहत्तर साली लावलं." ही त्याची सलामी असायची.

वर शांतता.

डुलकी लागली असेल, असं त्याला वाटलं. तो पुढं गेला. पिवळ्या ट्यूलिपांना चुकीचं नाव दिलं. काही नाही. आवाज चढवून त्यानं सफरचंदाला नासपती म्हटलं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ घसा खाकरून म्हणाले, "माफ करा हं, पण हे सफरचंद आहे. खोडावरून कळतं."

"होय का?" क्रॅडक म्हणाला. नजर वरच.

"आणि ट्यूलिपचं नावही तुम्ही..."

मंडळींत कुजबूज झाली. कोणीतरी म्हणालं, "असा कसा यांनी माळी ठेवलाय?" क्रॅडकच्या कानांवर ते पडलं, पण पोचलं नाही. तो चुकत गेला. एकामागून एक, वेड्यासारखा, प्रत्येक झाडाचं साल आणि प्रत्येक फुलाचं नाव चुकवत गेला. मिस पार्जिटरचा चेहरा उतरला. त्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "क्रॅडक, मी नेते यांना पुढं. तुम्ही वर जाऊन या."

"मध्येच सोडलं तर रागावतील त्या," तो म्हणाला. आणि मग हात लांब करून, सगळ्या उतारावर ऐकू जाईल असा ओरडला, "आणि ते खालचं कुरण! बाईसाहेबांनी लावलं!"

खिडकीत हालचाल झाली. पडदा ओढला गेला.

क्रॅडक खळखळून हसला. "रागावल्या," त्यानं बत्तीस माणसांना सांगितलं. डोळ्यांत पाणी येईतो हसला. "पकडलं मला. मुद्दाम चुकतो ना मी, आवडत नाही त्यांना. रागावल्या."

मग ओट्यावरचं दार उघडलं आणि डिलिस बाहेर आली. ती गुणगुणत नव्हती. हातातल्या रुमालाची तिनं नुसती घडी घातली, उलगडली, परत घातली.

"सूप आणायला खाली गेले होते हो," ती म्हणाली. "दहा मिनिटंच गेले असेन. पडदा मीच ओढला."

त्या दिवशी बाग मिस पार्जिटरनी दाखवली. मंडळींसाठी मांडलेला चहा आणि लिंबाचा केक तसाच राहिला. सफरचंदवाले गृहस्थ गाडीत बसण्याआधी क्रॅडकला शोधत आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण क्रॅडक वर होता, खुर्चीपाशी, टोपी हातात घेऊन. बाईंच्या शेजारी तो पहिल्यांदाच बसला होता. डिलिसने बसा म्हटलं म्हणून.

बाईंच्या पश्चात पुतण्याने थॉर्नकोट विकलं. घेणारं जोडपं भलं होतं. क्रॅडकने राहावं असं त्यांनी दोनदा म्हटलं. पण तो नाही म्हणाला. हात थकलेत, म्हणाला. घर सोडून दोघं जवळच्या लेमिन्स्टर गावात दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आली. तिथं खाली गाड्या लावायची जागा होती, मातीचा कण नव्हता. क्रॅडक खिडकीजवळ बसायचा आणि ग्लेनिसने काही विचारलं तर मान हलवायचा.

वसंतात मिस पार्जिटर येऊन गेल्या. नव्या मालकांनी मंगळवार चालू ठेवला होता, गाडीत जागा होती, दोघांनी चलावं, असं त्या म्हणाल्या. क्रॅडकने नको म्हटलं. ग्लेनिस चहाचे कप आवरत होती. ती एकदम म्हणाली, "मी येते."

ती गेली. चाळीस वर्षं जवळ राहून जिथं आत पाऊल टाकलं नव्हतं, तिथं ती कोट घालून, बत्तीसांतली एक होऊन फिरली. संध्याकाळी परत आली तेव्हा बुटांना चिखल होता. क्रॅडक दारातच उभा होता. इतके महिने जेवढं बोलला नव्हता तेवढं एका दमात त्यानं विचारलं, "काय काय फुललंय? ओट्याकडंचं पांढरं आलंय का? भिंतीजवळ वेल होता, तो जगला?"

"पांढरं होतं काहीतरी," ग्लेनिस म्हणाली. "खूप होतं."

"पांढरं कुठलं? ठेंगणं की उंच? पाकळी एकेरी की दुहेरी?"

ती खुर्चीत बसली. बूट काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. "मला नावं कुठली ठाऊक, एडविन? इतक्या वर्षांत तू एक तरी सांगितलंस का मला?"

क्रॅडक खाली बसला आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. चिखलानं त्या घट्ट बसल्या होत्या.