दोरीवरचं धोतर

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. खेड्यातली माणसं कामासाठी गाव का सोडतात, याचा अभ्यास करायला अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या गावात आले. त्यावरून सरकार काही धोरण ठरवणार होतं म्हणे. त्यांनी घरोघर विचारलं आणि घरोघर एकच उत्तर मिळालं, की आमच्यातलं कोणी बाहेर गेलेलं नाही.

सगळे धडधडीत खोटं बोलत होते. पाऊस दगा देऊन गेला होता आणि निम्मे बाप्ये खामगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलत होते. त्यांत माझे बाबाही होते. पण जमीनवाल्यानं हमाली केली की इज्जत गेली. म्हणून बाया गेलेल्या माणसाचं धोतर रोज धुऊन रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालायच्या. धोतर दिसलं म्हणजे घरधनी घरी. त्या हिवाळ्यात आमच्या गावात पुरुषांपेक्षा धोतरं जास्त होती, आणि हे सोंग आपणच तेवढं करतो आहोत असं प्रत्येक घराला वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आमच्या मुठीत ताईचं लग्न होतं. साखरखेर्ड्याच्या एका घरी तिची सोयरीक ठरत आली होती आणि प्राध्यापक नेमके त्याच घरी उतरले होते. ते आमच्या ओट्यावर येऊन बसले तेव्हा आईनं पदर सावरत सांगितलं, की मालक वावरात गेलेत.

तेवढ्यात बाबा आले. काखेत गाठोडं, अंगात फाटका सदरा, केसांत आणि मिशीत रुई. हे कोण, असं प्राध्यापकांनी विचारलं. बाबांनी दोरीवरचं आपलं धोतर पाहिलं, आईचा चेहरा पाहिला आणि ओट्यावर न चढता ते अंगणातच थांबले.

"गडी आहो जी," ते म्हणाले. "जिनात होतो, आता इथं सालानं लागाले आलो."

प्राध्यापक खूश झाले. घर सोडून आलेला एक माणूस त्यांना अखेर सापडला होता. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि बाबांनी घराबद्दल सगळं खरं सांगितलं, फक्त ते घर दूर कुठंतरी असल्यासारखं. विहीर आटली म्हणून निघालो. बायको आहे, दोन पोरी आहेत.

"आठवण येते का त्यांची?"

"येते ना जी. काऊन नाही येणार?"

मग बाबांनी पाणी मागितलं. मी तांब्या त्यांच्या हातात द्यायला गेले, तर ते उकिडवे बसले आणि त्यांनी ओंजळ पुढं केली. आमच्याकडचे गडी तसंच पीत. मी वरून धार धरली. बाबांचे तळवे फाटले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गड्यांना इतकी वर्षं तसंच पाणी वाढताना मात्र मला कधी काही वाटलं नव्हतं, याची लाज पुढं आली आणि ती अजून गेलेली नाही.

प्राध्यापक गेले. आईनं दोरीवरचं धोतर काढून आणलं, बाबांना आत घेऊन दार लावलं. बाबा ते नेसून आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि त्यांनी पुन्हा पाणी मागितलं. मी भरला तांब्या पुढं केला. आता बघणारं कोणी नव्हतं, तरी त्यांनी ओंजळच धरली.