गोठ्यातला गोलकीपर

माझं लग्न हॉकीनं जमवलं असं मी म्हटलं की माझा नवरा तोंड वाकडं करतो, कारण त्यानं उभ्या आयुष्यात स्टिक हातात धरलेली नाही. पण खरं तेच आहे. आष्ट्याला आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम होता. वडिलांनी सकाळीच भिंतीवरचा आमच्या हॉकी संघाचा फोटो काढून कपाटामागं सरकवला होता. पोरगी मैदानावर पळते हे पाहुण्यांना कळलं तर पंचाईत, अशी त्यांची धास्ती. मला त्याचा इतका राग आला होता की पोह्यांच्या बशा मी पाहुण्यांसमोर जवळजवळ आपटल्याच. आणि चहाच्या वेळी चुलत्यांच्या तोंडून निसटलंच, की पोरगी हॉकी चांगली खेळते.

कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले माझे होणारे सासरे एकदम ताठ झाले. उंब्रजजवळच्या गावातून आलेला, सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. 

"कुठं खेळतीस?"

"सेंटर हाफ."

"आन् पेनल्टी कॉर्नरला?"

पेनल्टी कॉर्नर म्हणजे बचाव करणाऱ्यांची परीक्षा. समोरचा अख्खा संघ गोलासमोर चालून येतो आणि अडवायला गोलकीपर धरून पाचच जण. मी म्हणाले, "गोलीच्या डाव्या हाताला. खांबाला चिकटून."

"बॉल अंगावर आला की डोळं मिटतीस?"

"न्हाई."

ते सासूबाईंकडं वळून म्हणाले, "चला, जमलं."  नवऱ्या मुलाला विचारायचं सगळेच विसरले होते.

सासऱ्यांना आमच्याकडं मामा म्हणतात. मामा पलटणीच्या संघाचे गोलकीपर. कुठल्याशा छावणीच्या मैदानावर चेंडू बसून त्यांच्या डाव्या हाताची करंगळी मोडली आणि ती वाकडीच जुळली. आमच्या म्हशीला त्या वाकड्या करंगळीची इतकी सवय झाली होती की दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की ती दूध चोरायची आणि वर लाथ झाडायची. त्यामुळं धारेला मामाच बसणार, हा घरचा कायदा.

धार काढता काढता मामा हॉकीचा इतिहास सांगत. गोऱ्या साहेबांनी हा खेळ छावण्यांत आणला, आपल्या शिपायांनी तो उचलला, आणि देश पारतंत्र्यात असतानाच आपल्या संघानं ऑलिम्पिकचं सोनं आणायला सुरुवात केली. मग स्वातंत्र्य मिळालं आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये, त्यांच्याच मैदानावर, त्यांनाच चार गोलांनी हरवलं. हे सांगताना मामा असे रंगात येत की जणू त्या दिवशी गोलात तेच उभे होते. त्या वेळी ते जन्मलेसुद्धा नव्हते. मी तसं म्हटलं की म्हणायचे, "जल्मलो नव्हतो, पर जीव तिथंच हुता." मग गवत जाऊन मैदानावर प्लास्टिकचा गालिचा आला, तिथं मामांचा आवाज पडायचा. "गवतावर आपल्या मनगटाला तोड नव्हती बग. गालिचा आला आन् आपली वाटच लागली."

एवढा हॉकीवेडा माणूस, पण ऑलिम्पिकमध्ये भारताचा सामना लागला की घरात थांबायचा नाही. हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच ऑलिम्पिकला कळलं. सिडनीला पोलंडविरुद्ध सामना होता. जिंकलो असतो तर उपांत्य फेरी होती. एका गोलानं पुढं होतो, मिनिटं संपत आली होती, आणि मी बळजबरीनं मामांना टीव्हीसमोर आणून बसवलं. पोलंडनं बरोबरी केली. मामा उठले आणि माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाले, "बघितलंस? मी बसलो की असं हुतंय."

मग त्यांनी सांगितलं. मॉस्कोच्या ऑलिम्पिकची अंतिम फेरी होती तेव्हा ते रजेवर गावी होते. रेडिओला कान लावून बसलेले. आपण तीन गोलांनी पुढं. स्पेननं एक फेडला, दुसरा फेडला. मामांना ऐकवेना. रेडिओ वडिलांच्या हातात देऊन ते गोठ्यात निघून गेले. परत आले तेव्हा भारत चार-तीननं जिंकला होता. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की आपण उठलो म्हणून सोनं आलं. त्यानंतर दर ऑलिम्पिकला ते मोह आवरेना म्हणून थोडं ऐकायचे, थोडं बघायचे, आणि भारत हरला की दोष स्वतःच्या डोक्यावर घ्यायचे. सिडनीनंतर तर त्यांनी कानाला खडा लावला.

माझा स्वभाव तापट. असलं काही ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बीजिंगच्या ऑलिम्पिकला भारत पात्रसुद्धा झाला नाही तेव्हा मी त्यांना गाठलं.

"आवं मामा, आता तर तुमी काय बघितलंच न्हाई! मग?"

"पेपरात वाचलं हुतं," मामा म्हणाले.

लंडनला सगळे सामने हरलो तेव्हा म्हणाले की गोठ्यात रेडिओ होता. बंद होता, पण होता. अशा माणसाशी काय वाद घालणार! हसून सोडून द्यायचे मी. पण एकदा सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हसतीस, पर त्येला रातभर झोप लागत न्हाई गं हारलं की." त्यानंतर मला हसू आलं नाही. बघता बघता मामांनी सत्तरी ओलांडली. ज्या खेळावर जीव टाकला, त्यात आपला देश पदक जिंकताना या माणसानं डोळ्यांनी एकदाही बघितला नव्हता, आणि आता बहुधा न बघताच जाणार होता.

मग आलं टोकियो. कांस्यपदकासाठी जर्मनीविरुद्ध सामना सकाळी सातला, म्हणजे नेमका धारेच्या वेळी. मामा खूश. गोठ्यात बसायला त्यांना बहाणा शोधावा लागणार नव्हता. मी मात्र ठरवून टाकलं की गोलाची बातमी त्यांना वेळच्या वेळी पोचवायची. सोप्यातल्या टीव्हीपासून गोठ्यापर्यंत माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. पहिल्याच मिनिटांत एक गोल खाल्ला, पळत गेले. फेडला, पळत गेले. मग एकावर तीन झाले तेव्हा जायला पाय उचलेना. मामांनी गोठ्यातूनच विचारलं, "आवाज का बंद झाला?"

पण नंतर जे सुरू झालं! दोनावर तीन. तिनावर तीन. चारावर तीन. पाचावर तीन! नवरा खुर्चीवर उभा, सासूबाई देव्हाऱ्यासमोर, पण नजर टीव्हीवर. मी गोठ्यात ओरडत गेले तर गाय बुजून दावं ओढायला लागली. मामांची गाय पिळून झाली होती, ते म्हशीखाली बसले होते. मला म्हणाले, "जा, जा, तू तिथंच थांब." त्यांच्या हाताची लय चुकत होती आणि म्हैस मागं वळून वळून बघत होती.

जर्मनीनं चौथा गोल केला. आणि घड्याळात अवघे सहा सेकंद उरले असताना त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला.

कॉर्नरच्या आधी थोडा वेळ जातो. अडवणारे तोंडावर मुखवटे चढवतात, गोलकीपर त्यांना जागा दाखवतो. तेवढा वेळ मला पुरला. मी गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि काय झालं कुणास ठाऊक, एवढ्या वर्षांचा राग तोंडातून बाहेर पडला.

"मामा, उठा. सहा सेकंद ऱ्हायल्यात, त्यास्नी कॉर्नर मिळालाय. तुमी गोलकीपर हाय का गवळी?"

"मी आलो तर जाईल गं हातातनं."

"जाऊ दे गेलं तर! माज्यावर घाला. मी बोलावलं म्हणून गेलं, असं साऱ्या गावाला सांगा."

 मामा उठले. हातातली भरलेली कासंडी त्यांनी दारातल्या किटलीत रिकामी केली आणि माझ्यामागून आले. बसले मात्र नाहीत. दाराच्या चौकटीत, दोन्ही गुडघे किंचित वाकवून उभे राहिले. मी त्यांच्या डाव्या हाताला चौकटीला चिकटून उभी होते. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो! आता गोल झाला तर हा म्हातारा मरेपर्यंत स्वतःला माफ करणार नाही, आणि मी स्वतःला.

"हल्लू नगं," मामा टीव्हीतल्या गोलकीपरला म्हणाले. "आदी हल्लू नगं. येऊ दे त्येला."

चेंडू निघाला, थांबला, फटका बसला. नक्की काय झालं ते मला तेव्हा दिसलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा निळे सदरे मैदानभर धावत होते, नवरा सासूबाईंना मिठी मारून नाचत होता आणि थोड्या वेळानं आपला गोलकीपर चक्क गोलाच्या आडव्या दांडीवर चढून बसला. मामा तसेच गुडघे वाकवून उभे.

"संपलं?"

"संपलं मामा. जिंकलो."

"मी बगत हुतो, न्हवं गं?"

"बगत हुता की! सगळं बगितलंसा."

मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्या वाकड्या करंगळीवरून पाणी ओघळलं. मीही रडले. आनंदानं रडायची आमच्या घराला सवय नव्हती, त्यामुळं सासूबाई घाबरून पाणी आणायला धावल्या.

या गडबडीत दोन्ही किटल्या घेऊन मी दूध संकलन केंद्रावर गेले. तिथल्या माणसानं गाईच्या किटलीतलं थोडं दूध फॅट मोजायच्या यंत्रात घातलं, आकडा बघितला, परत घातलं, परत बघितला. मग मला म्हणाला, "वैनी, ही गाय हाय का म्हैस? तुमचं तुमी ठरवून या."

म्हशीची किटली तर रिकामीच निघाली. मामांनी म्हशीची अख्खी कासंडी गाईच्या दुधात ओतली होती! वर्षानुवर्षं धार काढणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक म्हणजे आमच्याकडं काय समजायचं, ते दूधवाल्यांनाच कळेल. केंद्रावर रांगेतली माणसं हसून हसून बेजार झाली. ते दूध कुणी घेणार नव्हतं. सासूबाईंनी दिवसभर ते आटवलं, खवा खरपूस भाजला आणि त्याचे कंदी पेढे वळले. वळताना तोंडाचा पट्टा चालू होता, "हॉकी खेळली पोरांनी आन् हात गळालं माजं." संध्याकाळपर्यंत गावात पेढा न मिळालेलं घर उरलं नाही. तीन वर्षांनी पॅरिसला परत कांस्य मिळालं, तेव्हा सामना संध्याकाळच्या धारेला आला होता. म्हैस हंबरून हंबरून थकली, मामा टीव्हीसमोरून उठले नाहीत. आणि त्या दिवशी सासूबाईंनी मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, दोन्ही दुधं एकत्र केली.

पण मला सांगायचंय ते टोकियोच्या त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी मुलींचा सामना होता, तोही कांस्यासाठी, तोही सकाळी सातला. मामांनी पहाटेच धार उरकली, म्हशीला चुचकारून, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच टीव्हीसमोर मांडी घालून बसले. मला हायसं वाटलं. दोन गोलांनी मागं पडलेल्या पोरी मध्यंतरापर्यंत तीन-दोननं पुढं गेल्या, तेव्हा मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. नंतर ब्रिटननं बरोबरी केली. मग चौथा गोल केला. तो आपल्याकडून फिटला नाही. हरलो.

मैदानावर पोरी गुडघ्यांवर बसून रडत होत्या. त्यांच्यात मला आमचा आष्ट्याचा संघ दिसत होता, कपाटामागं सरकवलेला, आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. पण त्याहून मला भीती होती ती मामांची. आता हे उठणार, गोठ्यात जाणार आणि परत कधी येणार नाहीत. कालचं सगळं मातीला मिळणार. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

मामा उठले नाहीत. पदराला नाक पुसून मी शेवटी म्हणाले, "मामा, तुमी बगितलं म्हणून न्हाई हां हारलो. तसं काय मनात आणू नगा."

"म्हाईत हाय की मला," ते म्हणाले. टीव्हीवरची नजर त्यांनी हलवली नव्हती. एक पोरगी दुसरीला उठवायचा प्रयत्न करत होती आणि ती उठत नव्हती.

"चाळीस वर्सं मी उठून जात हुतो," मामा म्हणाले. "जिंकताना बगाया सारं जग असतंय गं. हारताना आपलं कोणतरी नगं व्हय बसायला?"

आणि शेवटची पोरगी मैदानाबाहेर जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले.