चांदणी आणि पदराखालची दोरी

मंडळी, सकाळपासून माझ्या खांद्यावरून एक ऊन ऊन श्वास काही जात नाही.

आमची चांदणी म्हणजे वरातीत नवरदेवाला बसवायची पांढरी घोडी. आज चिखलीला वरात होती आणि ही सोयाबीन काढलेल्या वावरात, धुक्यात, ढगाचा तुकडा खाली उतरावा तशी चरत होती. आमचे हे जवळ गेले की ती दहा पावलं पुढं. पळत नव्हती, नुसती सरकत होती.

"पाठीमागं लपवलेल्या लगामाचे घुंगरू वाजून राह्यले तुमच्या," मी म्हटलं. "तिले समजते."

"मंग तूच धर! नवरदेव काय सायकलवर जाईन?"

मी धरायला गेलेच नाही. बांधावर तिच्याकडं पाठ करून बसले आणि ह्यांच्यासाठी आणलेली भाकर खाऊ लागले. बराच वेळ नुसतं धुकं. मग हळूच खांद्यावर तिची हनुवटी टेकली. माझे डोळेच मिटले. वाटलं, वरात गेली उडत, असंच बसून राहावं.

पण मी तिला भाकरीचा तुकडा दिला आणि पदराखालची दोरी तिच्या गळ्यात टाकली. ती हललीसुद्धा नाही.

वरात झकास झाली. संध्याकाळी चांदणीला वावरात सोडलं, तेव्हा मी नुसती भाकर घेऊन गेले. तिनं भाकरीकडं पाहिलंच नाही, माझ्या पदराकडं पाहिलं. आणि दहा पावलं पुढं सरकली.

मी पदर झटकून दाखवला. ती आणखी लांब गेली.

आता तुम्हीच सांगा, खरंच दोरी नव्हती, हे तिले कसं सांगू?